सिंहांच्या डोक्यावरचे चक्र

रुपयावरून इंग्रजांचा राजा उतरला तो १९५० साली. १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा बदलला, पण बाजारात फिरणाऱ्या रुपयावर पुढची तीन वर्षे सहाव्या जॉर्जचाच चेहरा होता आणि मागच्या बाजूला त्याचा वाघ. देश आपला, खिशातला राजा परका, अशी ती तीन वर्षे. मग संविधान लागू झाले आणि १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची पहिली नाणी चलनात आली. राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले, वाघाच्या जागी धान्याची कणसे.

माझ्याकडच्या जुन्या नाण्यांत १९५० चा तो रुपया मला सर्वांत जवळचा आहे. २८ मिलिमीटर रुंद, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. हे वजन राणीछाप रुपयापासून चालत आलेले, पण राणीछापातली चांदी मात्र यात औषधालाही नाही. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून ती पूर्णच गेली, तिच्या जागी निकेल आले. जुनी माणसे बंदा रुपया दगडावर वाजवून घ्यायची. निकेलचा रुपया वाजवून काय कळणार? तो चालतो तो अंगावरच्या छापावर. धातूची किंमत नाण्यातून निघून गेली त्याच सुमाराला छाप बदलायची वेळ आली, आणि त्यामुळे त्या छापावर केवढा भार पडला हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. या निकेलच्या तुकड्यामागे आता आम्ही उभे आहोत, असे नव्या सरकारला लोकांना सांगायचे होते. ते कोणाच्या तोंडून सांगायचे हा प्रश्न होता.

सत्ता बदलली की नाणे बदलते, हे आपल्या मुलखाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी मूळची क्षहरात घराण्यातल्या शक राजा नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत, एका बाजूला कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळे असलेली फुली. नाणी वितळवून नवी पाडता आली असती. त्याने तसे केले नाही, शत्रूच्या चेहऱ्यावरच ठसा ठेवला आणि घाव घातला. अशा नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक, कपाळाचा उतार आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावताना दिसतात. कोण गेला आणि कोण आला, हे एकाच चकतीवर वाचता येते. पुढे शिवकालात आपल्याकडे आणखी वेगळी रीत दिसते. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, शिवराईवर, चेहरा नाही, चिन्हाचा थाट नाही; एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढीच अक्षरे. फारसी अक्षरांच्या नाण्यांची सवय असलेल्या बाजारात तेवढी देवनागरी पुरेशी होती.

१९५० च्या माणसांपुढे चेहऱ्याचा पर्याय होता आणि तो चेहराही साधासुधा नव्हता. नव्या नोटांची आखणी चालली होती तेव्हा राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार आधी झाला. त्याचे नमुनेसुद्धा तयार झाले. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर तेच आले. नोटांवर गांधीजी आले ते १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, आणि सगळ्या नोटांवर कायमचे आले ते १९९६ च्या मालिकेपासून. तो पहिला निर्णय मला आजही मोठा वाटतो. गांधीजींना जाऊन जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती, देश त्या दुःखातून सावरला नव्हता, त्यांचा चेहरा छापला असता तर कोणीही हरकत घेतली नसती. तरी त्या लोकांनी राजाच्या खुर्चीत कोणत्याही माणसाला बसवले नाही. पुढे १९६४ मध्ये नेहरूंच्या निधनानंतर रुपयावर त्यांचा चेहरा आला, नंतर इतरही थोरामोठ्यांचे आले, पण ते आले दुसऱ्या बाजूला. सिंहांची बाजू सिंहांकडेच राहिली.

आता अशोकाच्या स्तंभावरच्या या सिंहांकडे जरा निवांत पाहू. सारनाथला १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल या अभियंत्याला ते सापडले. चुनारच्या वालुकाश्मातून घडवलेले, सुमारे सात फूट उंच आणि अंगावर ती प्रसिद्ध मौर्य झिलई. १९१० साली तिथे संग्रहालय उभे राहिले तेव्हापासून ते तिथेच आहेत. आपण ‘तीन सिंह’ म्हणतो, कारण समोरून तेवढेच दिसतात. प्रत्यक्षात चार आहेत, पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंडे केलेले. त्यांच्या पायांखाली एक गोल पट्टा आहे आणि त्यावर चार प्राणी ओळीने चालले आहेत: हत्ती, घोडा, बैल आणि सिंह. दर दोन प्राण्यांमध्ये चोवीस आऱ्यांचे एकेक चक्र. पट्ट्याखाली पाकळ्या उलट्या सोडलेले कमळ.

मी तिथे गेलो तेव्हा पहिली नजर अर्थातच सिंहांच्या आयाळीवर गेली. तिच्या बटा मोजून-मापून कोरलेल्या आहेत, एकीवर एक अशा रचलेल्या. जबडे उघडे आहेत, पंजांच्या शिरा ताठ आहेत. पण त्या पट्ट्यावरचा बैल पाहिला आणि पाय तिथेच थांबले. वर सगळा थाट, दरबारी डौल. आणि खाली हा बैल, वशिंड डुलवत, मान किंचित पुढे काढून, स्वतःच्या चालीने चाललेला. कोणी पाहते आहे याची त्याला फिकीर नाही. घोडा त्याच्या उलट, चौखूर उधळलेला. वरच्या सिंहांना शिल्पशास्त्राचे नियम लागू आहेत. हे दोघे मात्र कोणा शिल्पकाराने रोज डोळ्यांसमोर पाहिलेले आहेत, असे वाटते.

हे चार प्राणी कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्यांना चार दिशांचे मानतात. कोणी बुद्धचरित्राशी जोडतात: मायादेवीच्या स्वप्नातला हत्ती, सिद्धार्थाने राजवाडा सोडला त्या रात्रीचा घोडा कंथक, आणि शाक्यसिंह म्हणवला जाणारा स्वतः बुद्ध. मला दुसरा अर्थ अधिक भावतो, तो सिद्ध करता येत नसला तरी.

नाणे पाहून कधीच कळणार नाही अशी एक गोष्ट मात्र सारनाथला कळते. हे सिंह मुळात सर्वांत वर नव्हते. त्यांच्या डोक्यावर आणखी एक मोठे दगडी धर्मचक्र होते. उत्खननात त्याचे तुकडे मिळाले. त्यांवरून त्याला बत्तीस आरे असावेत असे मानतात. म्हणजे चार सिंहांनी आपल्या पाठी एकमेकांना टेकवून जे बळ उभे केले होते, ते ते चक्र पेलण्यासाठी. गर्जना चारी दिशांना पोचवायची ती त्या चक्राची. काळाच्या ओघात स्तंभ मोडला, शीर्ष खाली आले, चक्राचे तुकडे झाले. जे धड उरले ते सिंह होते आणि तेच आपण राजमुद्रा म्हणून घेतले. तेव्हापासून आपल्या मनातले चित्र असे झाले आहे, की सिंह सर्वांत वर आणि बाकी सारे त्यांच्या पायांशी. मूळ शिल्पात सिंह वाहक होते. बळ होते, पण ते कशाच्या तरी खाली होते. राज्यसंस्थेचे चिन्ह म्हणून यापेक्षा नेमके काय असू शकते, मला सांगता येणार नाही.

स्तंभाचा बुंधा अजून सारनाथच्या आवारात आहे आणि त्यावर अशोकाचा लेख आहे. राजमुद्रेविषयी भरभरून बोलणारे आपण त्या लेखाविषयी चकार शब्द काढत नाही. त्यात विजयाचे वर्णन नाही की राज्याची व्याप्तीही नाही. संघात कोणीही फूट पाडता कामा नये, असे त्यात बजावले आहे. जो भिक्षू किंवा जी भिक्षुणी संघ फोडेल, त्यांना पांढरी वस्त्रे नेसवून संघाबाहेर राहायला लावावे. या आज्ञेची एक प्रत उपासकांसाठीही ठेवावी आणि त्यांनी दर उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, येऊन ती समजून घ्यावी. म्हणजे ज्या खांबावर आपले सिंह बसले होते, त्या खांबाच्या अंगावर फाटाफुटीविरुद्धचा हुकूम कोरलेला होता. देशाची फाळणी नुकतीच पाहिलेल्या पिढीने हेच शीर्ष निवडले. निवडताना तो लेख कोणाच्या मनात होता की नव्हता यावर मी काही बोलणार नाही. पण आज ते दोन्ही शेजारी ठेवून वाचताना अंगावर काटा येतो.

गंमत अशी, की खुद्द अशोकाच्या काळातल्या नाण्यांवर हे सिंह नव्हते. मौर्यांची चांदीची आहत नाणी म्हणजे कापलेले, ओबडधोबड तुकडे. त्यांवर सूर्य, षडर म्हणजे सहा आऱ्यांचे चक्र, कमानींचा डोंगर अशी पाच चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी ठोकलेली असत. राजाचा चेहरा नाही, नावही नाही. ज्याने जागोजागी शिळांवर आणि स्तंभांवर आपला शब्द कोरून ठेवला, त्याने नाण्यावर स्वतःविषयी एक अक्षर लिहिले नाही. त्याचे सिंह नाण्यावर यायला बावीसशे वर्षे लागली.

२६ जानेवारी १९५० ला सिंहशीर्ष राजमुद्रा झाले तेव्हा त्यात काटछाट झाली. खालचे कमळ वगळले. समोरून दिसतात तेवढे तीन सिंह, मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, दोन्ही कडांना आणखी दोन चक्रांच्या नुसत्या कडा. हत्ती आणि चौथा सिंह मागच्या अंगाला गेले. चित्रात किंवा नाण्यावर ते कधी दिसणारच नाहीत. खाली मुंडकोपनिषदातले ‘सत्यमेव जयते’ आले. १९५० च्या नाण्यांवर मात्र हे वाक्य नव्हते. सिंहांच्या भोवती इंग्रजीत ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ एवढेच होते. आजच्या नाण्यांवर सिंहांखाली ते बारीक अक्षरांत असते, आणि असायलाच हवे.

पण त्या पहिल्या नाण्यांनी एक असे काम केले, की नंतरच्या एकाही मालिकेला ते जमले नाही. त्यांनी राजमुद्रा उकलली आणि तिच्यातले प्राणी छोट्या नाण्यांत वाटून दिले. एका पैशावर घोडा. अर्धा आणा, आणा आणि दोन आण्यांची चवली या तिघांवर बैल. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि रुपया यांवर कणसे. दर्शनी बाजूला सगळीकडे तेच सिंह.

त्याआधीचा पैसा भोकाचा होता. युद्धाच्या काळात, १९४३ पासून, तांबे वाचवायला मधे भोक पाडलेला पैसा काढला होता. त्यावर वर मुकुट आणि मधे पोकळी. ती पोकळी गेली आणि तिथे घोडा आला. ज्यांच्या हाती रुपया क्वचित यायचा त्यांच्या तळहातावर दिवसभर फिरायचा तो हा घोडा आणि तो बैल. कंथकाचा अर्थ खरा मानला, तर राजवैभव सोडून जाणाऱ्याचा घोडा सर्वांत गरिबाच्या नाण्यावर आला होता. आणि बैल आण्यावर होता, त्याला तर अर्थ लावायचीही गरज नाही. ज्या देशाची शेती त्याच्या खांद्यावर होती, त्या देशाने त्याला रोजच्या खरेदी-विक्रीत आणून उभे केले. कोणी आखले हे, कोणाच्या डोक्यातून निघाले, त्याचे नाव नाण्यावर कुठे नसते. पण त्या माणसाला राजमुद्रेचे मर्म कळले होते याबद्दल मला शंका नाही. सिंह सगळ्यांचे, पण बैल आणि घोडा ज्याचे त्याला.

माझ्याकडे त्यातला एक आणा आहे, कडेला बारा पाकळ्यांसारखी वळणे असलेला. बैलाचे वशिंड पूर्ण गुळगुळीत झाले आहे. शिंगे, शेपूट आणि पुढच्या पायाची रेघ अजून दिसते. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच, तो सर्वांत आधी झिजतो. इतक्या बोटांनी त्या बैलाचा उंचवटाच पुसून नेला आहे. सिंहांच्या बाजूला तसेच. मधल्या सिंहाचे नाक आणि छाती सपाट झाली आहे, बाजूच्या दोघांच्या आयाळी तेवढ्या शाबूत आहेत, कारण त्या खोल आहेत. चक्र अगदी लहान, मधल्या सिंहाच्या पंजांखाली. भिंगातून त्याच्या आऱ्यांची नुसती जाग लागते.

हा बैल फार वर्षे टिकला नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नया पैशांचा झाला आणि लोकांना हिशेब नव्याने शिकवायची वेळ आली. त्यामुळे नव्या नाण्यांच्या मागच्या बाजूला ‘रुपये का सौवां भाग’, ‘रुपये का दसवां भाग’ अशी समजूत घालणारी अक्षरे आली. ते गरजेचेच होते, त्याविषयी तक्रार नाही. पण आकड्याला जागा लागते आणि ती बैल-घोड्याची गेली. कणसे तेवढी पुढे अधूनमधून परत येत राहिली. १९९२ नंतरच्या स्टीलच्या रुपयावर ती होती आणि २०१९ च्या नव्या मालिकेतही धान्य आहे.

एवढ्याशा जागेत चिन्ह बसवणे किती जोखमीचे, याचा सर्वांत मोठा दाखला इंग्रजांच्याच काळातला आहे. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या अंगात समारंभी झगा दाखवला होता आणि त्यावरच्या मानाच्या साखळीत एक छोटा हत्ती होता. हत्तीची सोंड इतकी आखूड उठली, की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजात संतापाची लाट उठली, रुपया मागे घ्यावा लागला आणि १९१२ साली हत्तीची सोंड नीट काढून नवा ठसा करावा लागला. साम्राज्याचा सगळा डौल मिलिमीटरभर सोंडेवर अडला. टांकसाळीत आधी मोठा नमुना करतात, मग तो यंत्राने लहान करत पोलादी ठशावर उतरवतात. मोठ्या नमुन्यात जे शोभते ते लहान होताना काय होईल याचा अंदाज हातालाच असावा लागतो. सात फुटांचे शिल्प नखाएवढ्या जागेत आणताना आपल्या ठसेकारांनी सिंहांचा सिंहपणा जपला, हे काही थोडके नाही. रस्त्यात पडलेले, मातीने माखलेले नाणेही आपण सिंहांवरून ओळखतो.

नोट आणि नाणे यांतला एक फरकही इथेच सांगायला हवा. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे वचन असते, धारकाला इतके रुपये देण्याचे, आणि बँकेची स्वतःची ताडाचे झाड आणि वाघ असलेली मुद्रा असते. नाणे बँकेचे नसते, ते भारत सरकारचे असते. बँक फक्त ते चलनात आणते. नाण्यावर वचन नाही, सही नाही. जे काही आहे ते सिंह आहेत आणि त्यांच्याखालचे ते तीन शब्दांचे वाक्यही नव्हे, दोनच शब्द. सही न करता शब्द पाळायचा झाला तर माणूस जेवढा जपून वागेल, तेवढे जपून सरकारने त्या चिन्हाशी वागावे असे मला वाटते. २००५ साली राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध कायदा झाला. तो व्हिजिटिंग कार्डांवर, गाड्यांच्या काचांवर मिरवणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही हवाच. पण कायदा फार तर बाहेरच्यांना अडवेल. चिन्हाचा मान आतल्यांच्या वागण्यावर ठरतो.

२०५० साली प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाण्यांना शंभर वर्षे होतील. तेव्हा स्मारक नाणी निघतीलच, आपल्याकडे ती रीत आहे. माझे मागणे एवढेच, की त्या वेळी कुणा पुढाऱ्याचा चेहरा किंवा इमारत घेऊ नये. एका नाण्यावर पूर्ण शीर्ष घ्यावे, कमळापासून वरच्या मोठ्या चक्रापर्यंत, सिंहांनी ते पेललेले दिसेल असे. बाकी चार लहान नाणी काढावीत. घोडा आणि बैल १९५० च्या ठशांवरून तसेच घ्यावेत, पट्ट्यावरच्या सिंहाला एक द्यावे आणि हत्तीला, जो तेव्हा राहून गेला होता, सर्वांत कमी किमतीचे द्यावे, म्हणजे तो जास्तीत जास्त हातांत फिरेल.